रोजगार हमी योजना, महाराष्ट्रातील

ग्रामीण भागात अकुशल शारीरिक श्रम करण्यास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस, तिने मागणी केल्यास, काम पुरविण्याची कायदेशीर जबाबदारी महाराष्ट्र शासनाने ज्या योजनेद्वारे स्वीकारली, ती योजना. दुष्काळी कामे भारतात पूर्वीपासून काढली जात. परंतु ती केव्हा सुरू करावयाची व केव्हा बंद करावयाची, हे शासन ठरवी. या योजनेत तो निर्णय तत्त्वतः मजुराच्या मागणीवर सोपविण्यात आला. हेच तिचे वेगळेपण होय.

योजनेची मूळ कल्पना विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यात लागू करण्यात आली, पण त्याच वर्षीच्या भीषण अवर्षणामुळे ती दुष्काळनिवारणाच्या कार्यात विलीन झाल्यासारखी झाली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सु. ५० लाखांवर पोहोचली होती. एवढ्या मोठ्या समूहाला काम देण्याचा जो अनुभव शासनयंत्रणेला मिळाला, त्यावरच योजनेची पुढील उभारणी झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केलेला अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

अधिनियमानुसार मागणी नोंदविल्यापासून १५ दिवसांच्या आत काम देणे बंधनकारक होते. तसे न झाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावयाचा होता. नवीन काम सुरू करण्यास साधारणतः ५० मजुरांची मागणी आवश्यक असे. खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम अकुशल मजुरीवर पडावी, असा दंडक असल्याने पाझर तलाव, नालाबांध, जमिनीची बांधबंदिस्ती, रस्ते यांसारखी मातीकामे प्रामुख्याने घेण्यात आली. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर ठरे आणि स्त्रीपुरुषांचे दर समान असत. शेतमजुरीत बाईचा दर गड्यापेक्षा कमी असण्याची रूढी सार्वत्रिक असताना ही तरतूद लहान म्हणता येणार नाही. स्त्रिया कामांवर मोठ्या संख्येने आल्या, त्याचे एक कारण हेच असावे. हमी कुटुंबास नव्हे, तर व्यक्तीस असल्याने पती कामावर असला, तरी पत्नीचा हक्क अबाधित राही.

पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाचे उत्तरही लक्षणीय होते. १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. तो, तसेच विक्रीकर, मोटारवाहन कर, बागायती जमिनीवरील आकारणी इत्यादींवरील अधिभार रोजगार हमी निधीत जमा होत आणि तेवढीच रक्कम शासन आपल्या तिजोरीतून घाली. अशा रीतीने मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा अवर्षणग्रस्त तालुक्यातील मजुरापर्यंत पोहोचू लागला. मात्र बांधबंदिस्ती वा पाझर तलाव यांमुळे ज्याच्या विहिरीचे पाणी वाढले, तो बहुधा जमीनमालक होता. ते बांध घालणाऱ्या भूमिहीनाच्या वाट्याला मजुरीच आली. १९९० पासून योजनेशी निगडित झालेल्या फळबाग लागवडीचा लाभही जमीन असणाऱ्यांनाच मिळणे स्वाभाविक होते.

हमीची खरी कसोटी १९८८ नंतर लागली. त्या वर्षी शेतमजुरीचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि योजनेवरील दरही वाढले. मजुरी वाढल्यावर मागणी वाढावी. प्रत्यक्षात कामावरील उपस्थिती लक्षणीय प्रमाणात घटली. खर्च आवरण्यासाठी नवी कामे मंजूर करण्यात यंत्रणेने हात आखडता घेतला, असा निष्कर्ष काही अर्थशास्त्रज्ञांनी काढला. तो ग्राह्य मानल्यास कामाचा आरंभ ठरविण्याचा अधिकार मजुराकडून पुन्हा कार्यालयाकडे गेला, असे म्हणावे लागते. बेकारी भत्त्याची तरतूद अशा वेळी उपयोगी पडावयास हवी होती. पण निरक्षर मजुराला मागणीचा अर्ज भरून त्याची पोच मिळविणेच अवघड जाई आणि पोच नसली, की भत्ता नाही.

केंद्र शासनाने २००५ मध्ये केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमास महाराष्ट्राचा हा अनुभव आधारभूत ठरला. त्यात मात्र हमी प्रत्येक कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवसांपुरती मर्यादित करण्यात आली. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपल्या अधिनियमात सुधारणा करून १०० दिवसांपुढील कामाचा खर्च स्वतःकडे घेतला.