घरी बांधलेले विमान आणि न तपासलेले पाते

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तेथील शेख इस्माईल या २४ वर्षांच्या तरुणाचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले होते, पण वेल्डिंग आणि पत्र्याच्या कामात त्याचा हात बसलेला होता. सुमारे दोन वर्षे खपून त्याने एका माणसाचे हेलिकॉप्टर तयार केले. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवायचे त्याच्या मनात होते. त्याआधीच, ऑगस्ट २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात, एका रात्री त्याने इंजिन सुरू करून चाचणी घेतली. यंत्र जमिनीवरच होते. मागचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पात्यावर आदळला आणि ते पाते इस्माईलच्या डोक्याला लागले. तो वाचला नाही.

बातमी आली तेव्हा काही लोक म्हणाले, वेडेपणा. काही म्हणाले, देशाने एक शास्त्रज्ञ गमावला. असे काहीतरी बोलले की माणूस मोकळा होतो. पण आपल्या सातपूर-अंबडच्या वस्त्यांत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये राबणारी, आयटीआय केलेली किंवा तेही न केलेली शेकडो मुले आहेत. कोणी भंगारातून गाडी बनवतो, कोणी मोटारसायकलच्या इंजिनाला पंखा लावतो आणि त्याचे चित्रण मोबाईलवर टाकतो. शाबासकी देणारे हजारो असतात. वेल्ड तपासणारा एकही नसतो. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

विमान म्हटले की उंचावरून पडण्याची भीती वाटते. इस्माईल तर जमिनीवरून उठलाही नव्हता. मी बीकॉम झालेला कारकून, यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण हिशेब करता येतो. समजा पाते तीन मीटर लांब आहे आणि मिनिटाला ४०० फेरे मारते. त्याचे टोक ताशी साधारण ४५० किलोमीटर वेगाने फिरते. त्या टोकाशी एक किलो वजन असेल तर ते ५०० किलोहून अधिक जोराने बाहेर ओढले जाते. म्हणजे खिडकीचे गज जोडणारा वेल्ड तेथे चालणार नाही. शिवाय तार दहा वेळा इकडे-तिकडे वाकवली की तुटते, तसे सततच्या हादऱ्याने धातूला बारीक चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाचेही तसेच. मोटारीचे इंजिन बहुतेक वेळ कमी जोरावर चालते, विमानाचे इंजिन मात्र बराच वेळ जवळजवळ पूर्ण जोरावर चालवावे लागते. म्हणून विमानाच्या नेहमीच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. एक बंद पडला तरी दुसरा चालतो.

ओझरच्या मिग कारखान्यात आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका नोकरीला होते. विमानाच्या कामात जोडणारा एक आणि तपासून सही करणारा दुसरा, हे त्यांना सांगावे लागत नाही. आमच्या ऑफिसातसुद्धा व्हाउचर लिहिणाऱ्याला ते स्वतः पास करता येत नाही. कारण तो चोर असतो असे नव्हे. आपली चूक आपल्याला दिसत नाही, एवढेच. फुलसावंगीत हा दुसरा माणूस नव्हता.

शिकलेल्या, पैसेवाल्यांनाही हे चुकलेले नाही. विमानाचे जनक राईट बंधू. त्यातील ऑरव्हिल यांच्या विमानाचा पंखा सप्टेंबर १९०८ मध्ये अमेरिकेत प्रात्यक्षिकाच्या वेळी तडकला. सोबत बसलेले लेफ्टनंट सेल्फ्रिज ठार झाले. प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर हे अनुभवी वैमानिक होते. त्यांनी दुसऱ्या हौशी माणसाने घरी बांधलेले विमान विकत घेतले. इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक मूळ आराखड्यातल्या जागी न बसवता बांधणाऱ्याने तो चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये तो फिरवण्यासाठी मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला आणि ते समुद्रात कोसळले, असे चौकशीत निघाले. कॉकची जागा बदलणे ही तशी किरकोळ बाब वाटते!

तिकडे घरी विमान बांधण्यास कायद्याने मुभा आहे, पण ते सरकारी तपासणीनंतरच उडवता येते. सुरुवातीचे २५ ते ४० तास उतारू न घेता आणि वस्तीपासून दूर उडवायचे असते. शिवाय हौशी लोकांच्या संघटनेतले जुने जाणकार काम चालू असतानाच घरी येऊन विनामूल्य पाहणी करतात. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ मध्ये ते प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये नोंदणी झाली, २०१९ मध्ये उडवण्याची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडाले. स्वतः व्यवसायाने वैमानिक असलेल्या माणसाला एवढी वर्षे खेटे घालावे लागले. मग आठवी शिकलेल्या वेल्डरने कोणत्या टेबलावर अर्ज ठेवायचा? तपासणी हवीच. पण ती मिळवण्याचा रस्ता गरिबाच्या मुलाला दिसतच नसेल, तर तो रात्री शेडमध्ये एकटाच इंजिन सुरू करणार. हा दोष त्या मुलाचा एकट्याचा नाही.

मुलाला आकाशाचा नाद असेल तर त्याला रागावून तो सुटत नाही. दहावी पास असेल तर आधी त्याला फिटर, टर्नर किंवा वेल्डरच्या ट्रेडला आयटीआयमध्ये घालावे. आयटीआय झालेल्यांची ओझरला एचएएलमध्ये अप्रेंटिस म्हणून भरती होते, तिच्या जाहिरातीवर नजर ठेवावी. बारावीला भौतिक, रसायन व गणित घेतलेल्या मुलाला विमान देखभालीचा, म्हणजे एएमईचा अभ्यासक्रम खुला आहे. मात्र संस्थेला विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे फी भरण्यापूर्वी कागद मागून पाहावे. कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असल्यास तेथे छोटी विमाने बनवून उडवायला शिकवतात. ती पडली तर नुसते लाकूड मोडते.

आणि शेडमध्ये काही फिरते यंत्र तयार होत असेल, तर ओझरहून निवृत्त झालेला एखादा काका गाठून, इंजिन सुरू करण्याआधी त्यांना ते दाखवून आणावे.