स्वागतभेट आणि पतगुणांक
नवे क्रेडिट कार्ड घेताच पदरी पडणारी स्वागतभेट, मग ती विमानप्रवासाच्या गुणांची असो वा खरेदीच्या व्हाउचरची, हा माझा जुना शौक. परंतु प्रत्येक अर्जासरशी बँक सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे जी चौकशी करते, तिची नोंद आपल्या दप्तरी राहते, आणि अल्पावधीत अशा नोंदी साचल्या म्हणजे ३०० ते ९०० या मर्यादेतील आपला गुणांक घसरू शकतो. (स्वतः आपला पतअहवाल पाहिल्याने गुणांक तिळमात्र ढळत नाही.) भेट मिळताच कार्ड रद्द करणे तर मला निव्वळ अविचार वाटतो, कारण २ लाखांच्या एकूण पतमर्यादेत ४० हजारांची उधारी २० टक्के भरते, ती १ लाखाचे कार्ड जाताच ४० टक्के होते, आणि या वाढलेल्या प्रमाणानेही गुणांक घसरू शकतो. गृहकर्जाचा अर्ज नजीक असेल, तर हा छंद काही महिने तहकूब ठेवावा.