थिएटरची नोकरी घेताना पगाराआधी काय विचारायचे?

गेल्या महिन्यात विहारातली रविवारची वंदना आटोपल्यावर लालबागच्या चाळीतली एक मुलगी तीन कागद घेऊन आमच्याकडे आली. जीएनएम झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली, मेडिकल वॉर्डात तीन वर्षे काढलेली. आता तिला ऑपरेशन थिएटरमध्ये जायचे होते. एक कागद गिरगावच्या बाजूच्या मोठ्या खासगी रुग्णालयाचा. पगार सर्वांत जास्त, पण दोन वर्षांचा बॉण्ड. दुसरा दादरच्या लहानशा नर्सिंग होमचा. घराजवळ, आणि "नाईट नाही" असे तोंडी सांगितलेले. तिसरा परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयातल्या कंत्राटी जागेचा, अकरा महिन्यांच्या करारावर. घरी वडिलांचे डायलिसिस चालू, धाकटा भाऊ शिकतो, आई शिलाई करते. तिने विचारले, "ताई, सही कुठे करू?"

आमच्यापैकी दोघींनी थिएटरमध्ये नोकरी केली आहे. आम्ही तिला म्हटले, पगाराचा आकडा थोडा वेळ झाकून ठेव.

वॉर्डात आणि थिएटरमध्ये फार फरक आहे. वॉर्डात पेशंट बोलतो, दुखले तर सांगतो. थिएटरमध्ये तो भुलीखाली असतो आणि त्याच्या वतीने बोलणारे टेबलाभोवतीच उभे असतात. त्यात सिस्टर दोन. एक स्क्रब झालेली, निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज घालून सर्जनच्या हातात हत्यार देणारी. दुसरी फ्लोअरवरची, म्हणजे बाहेरून सामान देणारी, नोंद ठेवणारी. दोघींचे सर्वांत मोठे काम मोजणीचे. ऑपरेशन सुरू होण्याआधी मॉप, गॉज, सुया, हत्यारे मोजायची. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायची. कातडीचे टाके घालताना पुन्हा. रक्ताने भिजलेला मॉप पोटात ओळखू येत नाही, म्हणूनच त्यात एक्स-रेत दिसणारी पट्टी असते. मोजणी जुळली नाही तर शोधायचे, सापडले नाही तर टेबलावरच एक्स-रे काढायचा.

हे वाचायला सोपे आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत, सर्जन दमले आहेत, पुढची केस बाहेर वाट पाहते आहे, आणि वस्तीतून आलेल्या, नोकरीला चार महिने झालेल्या मुलीने म्हणायचे आहे, "सर, थांबा, एक मॉप कमी आहे." तिच्या या शब्दाला त्या ठिकाणी किंमत आहे की नाही, हे पगारपत्रकावर लिहिलेले नसते. पेशंटचा जीव मात्र त्यावर असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशनची तपासयादी काढली. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी, असे तीनदा सगळ्यांनी थांबून बोलायचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. कागद तोच, पण काही ठिकाणी तो खरोखर वाचला जातो आणि काही ठिकाणी दिवस संपल्यावर एकदम टिकमार्क केले जातात. म्हणून आम्ही मुलीला सांगितले, तिन्हीकडे जाऊन एकच प्रश्न विचार : मोजणी जुळली नाही तर इथे काय करतात?

दुसरे विचारायचे ते शिकण्याबद्दल. स्क्रबला स्वतंत्र उभे करण्याआधी किती आठवडे कुणाच्या हाताखाली ठेवणार? स्क्रबला सिस्टर असते की सगळे टेक्निशियनच करतो? आमच्यातल्या एकीला पहिल्या नोकरीत, आडनाव विचारून झाल्यावर, तीन महिने सक्शनच्या बाटल्या धुणे आणि ट्रे पुसणे एवढेच दिले होते. तिच्याबरोबर लागलेल्या दुसऱ्या मुली तोवर हर्नियाला स्क्रब होत होत्या. धुण्याची लाज नाही. ऑटोक्लेव्हपर्यंतचे प्रत्येक काम थिएटरच्या सिस्टरला यायलाच हवे. पण पाळी सगळ्यांची असावी. रोस्टर बघायला मागितले की बरेच कळते.

आता परळबद्दल. केईएम आणि वाडियाची प्रसूती व बालरुग्णालये आचार्य दोंदे मार्गावर, टाटा मेमोरियल तिथून चालत. केईएम 1926 चे. इथे सगळे डॉक्टर भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. टाटा 1941 पासून आहे आणि 1962 पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. बाबासाहेब ज्या बीआयटी चाळीत दोन दशकांहून अधिक काळ राहिले, ती पोयबावडीची चाळ याच परळमध्ये. आपल्या वस्तीतल्या बायांनी या रुग्णालयांत आया म्हणून पिढ्या काढल्या. त्यांच्या नाती आता तिथे सिस्टर म्हणून अर्ज भरतात.

कायम जागेला तोड नाही. केंद्राच्या वेतनश्रेणीत नर्सचे मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होते, राज्याच्या श्रेणीत 35,400 पासून, भत्ते वेगळे. अनुसूचित जातीला केंद्रात 15 टक्के आणि राज्यात 13 टक्के आरक्षण आहे. खासगीत ते नाही. पण टाटासारख्या ठिकाणी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याच्या भरतीत वैधता प्रमाणपत्र लागते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही सवलत मिळाली, तरी दाखला चुकीच्या नमुन्यात असल्यामुळे मुली अजून बाहेर पडतात. जाहिरात आल्यावर धावपळ करून ते होत नाही.

खासगीच्या पगाराबद्दल एक गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला सरकारी नर्सइतका पगार असावा, शंभर ते दोनशे खाटांना त्याहून फार तर 10 टक्के कमी, पन्नास ते शंभरला 25 टक्के कमी, आणि पन्नासच्या आत कुठेही 20,000 च्या खाली नाही. ही शिफारस आहे, कायदा नाही. तरी बोलणी करताना आकडा हाताशी असावा. बॉण्ड असेल तर सोडण्याची रक्कम आणि मुदत लेखी घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवू नयेत. दाखवून झेरॉक्स द्यावी.

अंगावर बेतणाऱ्या गोष्टीही विचारायच्या. हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांचा खर्च कोण करते? सुई टोचली तर एचआयव्हीवरचे औषध शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते रात्री तीनला मिळेल का? हाडाच्या ऑपरेशनला सी-आर्म चालतो, तिथे लेड अॅप्रन आणि किरण मोजणारा बिल्ला सिस्टरलाही मिळतो का? दिवस गेले असतील तर ते लगेच सांगून त्या खोलीतून ड्यूटी बदलून घ्यावी. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा कंत्राटी सिस्टरलाही लागू आहे, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झाले असले की पुरे. कामगार बाईला अशी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते.

आणि कपडे बदलायची खोली कुठे आहे, ते स्वतः जाऊन पाहावे. अरुणा शानबाग 1973 साली केईएमच्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. पुढची 42 वर्षे तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळले.

मुलगी तिन्ही ठिकाणी जाऊन आली. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी हसून सांगितले, "आमच्याकडे मोजणी चुकतच नाही." ते नाव तिने तिथेच खोडले. परळच्या सिस्टर इनचार्जने सांगितले, "एक्स-रे येईपर्यंत आम्ही टाके घालू देत नाही, कोणीही असो." खासगी रुग्णालयात भिंतीवरचा मोजणीचा फळा दाखवला आणि आठ आठवडे सीनियरच्या हाताखाली, हे लिहून दिले. आमच्यातच दोन मते झाली. एकीचे म्हणणे कंत्राटी घे, तिथे केसेस भरपूर, दोन वर्षांचे शिकणे अकरा महिन्यांत होते. दुसरीने विचारले, बाराव्या महिन्यात डायलिसिसचे काय?

मुलीने गिरगावची नोकरी घेतली, बॉण्ड दोनाचा एक वर्षावर आणून. सध्या ती फ्लोअरवर आहे, स्क्रबला अजून उभी राहिलेली नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला झाला. वैधतेच्या अर्जासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो आहे, तो आणायला भाऊ या शनिवारी गावी जाणार आहे.