जुहूच्या रनवेवरचे हिरो

जुहू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चौपाटी, पावभाजी, स्टार लोकांचे बंगले, फार तर पृथ्वीची आयरिश कॉफी. आणि एस. व्ही. रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली की कुंपणापलीकडून उडणारं एखादं हेलिकॉप्टर. ते कुंपण म्हणजे जुहू एअरोड्रोम. 1928 साली सुरू झालेला देशातला पहिला नागरी विमानतळ. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, हे आपण शाळेत कधीतरी वाचलेलं असतं. पण स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत याच धावपट्टीवर मोटारींच्या रेस व्हायच्या, हे माहीत होतं तुम्हाला? मला नव्हतं. मी बोरिवलीत वाढले, सात वर्षं रोज अंधेरीला ऑफिसला जाते, दर दुसऱ्या रविवारी मित्रमंडळींबरोबर टीव्हीवर फॉर्म्युला वन बघते, आणि आपल्या स्वतःच्या सबर्बमध्ये एक रेसट्रॅक होता याचा मला पत्ताच नाही!

पत्ता लागला तो आमच्या टीममधल्या एका मुलाच्या आजोबांमुळे. आजोबा पार्ल्याचे, वय 86, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून रिटायर झालेले. म्हणजे ज्या कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी बनायची, तिथले. आम्ही टीव्हीसमोर बसून ‘काय ओव्हरटेक मारला!’ म्हणून ओरडत होतो आणि आजोबा शांतपणे म्हणाले, ‘‘अरे, ह्याच्यापेक्षा भारी ओव्हरटेक मी जुहूला बघितलाय. तोसुद्धा फियाटने.’’

मग काय! पुढच्या रविवारी त्यांच्याच घरी मैफल जमली. आजोबा, त्यांच्या ओळखीचे अंधेरीचे एक गॅरेजवाले चाचा आणि सांताक्रूझच्या एक मावशी, ज्या तेव्हा कॉलेजात होत्या आणि भावाच्या मागे लागून रेस बघायला जायच्या. उपमा, चहा आणि साडेतीन तास नुसती भांडणं. फियाट की हेराल्ड?

आधी थोडं बॅकग्राउंड. दुसऱ्या महायुद्धात देशभर धावपट्ट्या बांधल्या गेल्या आणि युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच ओस पडल्या. सपाट, लांब, सरळ डांबर. रेसवाल्यांना आणखी काय हवं? मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि आपल्याकडे जुहू. जुहूचा विमानतळ काही ओस पडलेला नव्हता, पण मोठी विमानं सांताक्रूझला गेल्यावर इथली गर्दी ओसरली होती. मुंबईला मोटारींचं वेड तसं जुनंच. 1904 च्या डिसेंबरात दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची लांब पल्ल्याची चाचणी झाली होती, म्हणजे बहुतेक लोकांनी मोटार बघितलीही नव्हती तेव्हा.

जुहूला सगळंच जुगाडू. वळण कुठे आहे ते दाखवायला तेलाची रिकामी पिंपं आणि पेंढ्याच्या गाठी, प्रेक्षक आणि गाड्या यांच्यामध्ये एक दोरी, आणि कर्ण्यावर कोणीतरी इंग्रजीत ओरडतंय. समुद्राचा वारा सुटला की डांबरावर रेती. ‘‘मैदान बदलत राहायचं,’’ आजोबा म्हणाले. ‘‘सकाळच्या रेसला जे वळण चिकट, ते दुपारी घसरगुंडी.’’

पैसेवाल्यांच्या गाड्या असायच्याच. जॅग्वार, एमजी, नॉर्टन आणि बीएसए मोटारसायकली. पण मावशी म्हणाल्या ते मला फार आवडलं. ‘‘त्या गाड्या आम्ही बघायचो, पण टाळ्या मात्र साध्या गाड्यांना. कारण जॅग्वार कुणाच्या घरी होती गं? फियाट निदान शेजाऱ्याकडे तरी होती.’’

हेड फेसिंग आणि मागची सीट

हाच खरा मुद्दा. अमेरिकेत ज्याला स्टॉक कार रेसिंग म्हणतात, म्हणजे दुकानात मिळते तीच गाडी घेऊन पळवायची, ते आपल्याकडे नाइलाजाने आपोआप झालं. इम्पोर्ट जवळजवळ बंद. देशात बनणाऱ्या गाड्या मोजून तीन. अॅम्बॅसेडर, फियाट, स्टँडर्ड हेराल्ड. बुकिंग केलं की नंबर लागायला वर्षानुवर्षं. त्यामुळे रेसची गाडी वेगळी आणि रोजची वेगळी ही चैन फार थोड्यांना परवडायची. शनिवारी रात्री गॅरेजात मागची सीट काढायची, चाकांवरच्या वाट्या काढायच्या, सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप. रविवारी रेस. रविवारी रात्री सगळं परत जागच्या जागी. सोमवारी साहेब त्याच गाडीने फोर्टला ऑफिसात!

चाचा तेव्हा गॅरेजात पोऱ्या होते, पाने धुऊन द्यायचे. त्यांनी सांगितलेलं टेक्निक ऐका. इंजिनाच्या हेडचं फेसिंग करून घ्यायचं, म्हणजे खालची बाजू अगदी पातळ घासायची. सिलिंडरमधली जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबलं जातं, ताकद वाढते. पण एक घास जास्त झाला आणि पेट्रोल हलकं असलं, तर इंजिन ठोके देणार आणि तिसऱ्या फेरीत पिस्टन फुटणार. ‘‘हिम्मत का काम था,’’ चाचा म्हणाले. ‘‘गाडी तो साब की खुद की थी. फट गया तो बीवी को क्या बोलेगा?’’

आणि तो वास. मावशींना साठ वर्षांनी चेहरे नीट आठवत नाहीत, पण वास आठवतो. रेसच्या इंजिनात तेव्हा एरंडेल तेलापासून बनवलेलं ऑइल वापरत. कॅस्ट्रॉल या नावातला ‘कॅस्टर’ तोच. ते जळलं की गोडसर, जड असा वास यायचा. ‘‘पोट साफ करायला आई एरंडेल द्यायची तेव्हा नाक दाबायचे,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘आणि जुहूला जाऊन तोच वास छाती भरून घ्यायचे!’’

फियाटवाला विरुद्ध हेराल्डवाला

आता भांडणाकडे. फियाट 1100 चं इंजिन 1089 सीसी. हेराल्डचं 948. म्हणजे कागदावर फियाट पुढे. शिवाय फियाट जड, दणकट, सरळ रेषेत पळणारी. आजोबा अर्थातच फियाटवाले, कारखान्याचं मीठ खाल्लंय ना. त्यांचा हिरो माटुंग्याचा होता, सुपर सिलेक्ट चालवायचा. त्याचं वैशिष्ट्य ब्रेक. तेव्हाचे ब्रेक ड्रमचे, चार-पाच फेऱ्यांत तापायचे आणि मग पेडल सरळ खाली. बाकीचे घाबरून लवकर ब्रेक मारायला लागायचे. हा पठ्ठ्या ब्रेक वाचवून ठेवायचा आणि गिअर पाडून गाडी हळू करायचा. लक्षात घ्या, गिअर कुठे? हँडलखाली! एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने ती लांबलचक दांडी, आणि समोर पिंपांचं वळण. आजोबांनी उपम्याची बशी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी करून दाखवलं. 86 वर्षांच्या माणसाचा डावा हात इतक्या चपळाईने हलताना मी तरी पहिल्यांदाच बघितला.

चाचांचा हिरो खारचा हेराल्डवाला. हेराल्ड दिसायला नाजूक, दोन दारांची, पण एवढ्याशा जागेत वळायची. तिची गंमत आणि तिचा धोका दोन्ही मागच्या चाकांत होते. ती दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र. वेगाने वळताना मागचा भाग थोडा उचलला गेला की बाहेरचं चाक आतल्या बाजूला दुमडायचं आणि गाडी सर्रकन स्वतःभोवती फिरायची. हे कधी व्हायचं? वळणात शिरल्यावर घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की. म्हणजे बघा, जिवाच्या भीतीने माणूस जे करणार, नेमकं तेच करायचं नाही. खारवाला पाय काढायचा नाही. ‘‘सब का पैर डरता था, उसका नहीं,’’ चाचा म्हणाले, आणि आजोबांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

आजोबांचा तो ‘भारी ओव्हरटेक’ याच दोघांमधला. शेवटची फेरी, हेराल्ड पुढे, फियाट मागे. समुद्राकडच्या वळणावर रेती आलेली. हेराल्ड आतून गेली, फियाट बाहेरून, रेतीवरून, पूर्ण आडवी होऊन. आजोबांच्या मते फियाट एका बॉनेटने जिंकली. चाचांच्या मते हेराल्ड. मावशींच्या मते दोघंही चुकताहेत, कारण त्या दिवशी त्यांच्या भावाने हेराल्डवर पाच रुपये लावले होते आणि तो घरी येताना बसचं तिकीट मावशींच्या पैशांतून काढून आला. माझं मत मावशींकडे. हरलेले पाच रुपये माणूस विसरत नाही!

या दोन ड्रायव्हरांची नावं? तिघांनाही आठवली नाहीत. आडनाव पारशी होतं इथपासून ते ‘‘नाही, सारस्वत होता’’ इथपर्यंत चर्चा झाली. शोलावरमचे स्टार सगळ्यांना ठाऊक आहेत. गोंडलचे महाराज, एन्साइन ही फॉर्म्युला वनची गाडी आणून पळवणारे विजय मल्ल्या, ज्यांच्या नावाने कोइम्बतूरला ट्रॅक आहे ते करिवर्धन. मद्रासवाल्यांनी 1953 मध्ये क्लब काढला, पुढे इरुंगाट्टुकोट्टाईला पक्का ट्रॅक बांधला, तो 1990 पासून चालू आहे. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक दोघंही दक्षिणेतून आले यात नवल ते काय? आपल्याकडे रनवे होता, पण पक्का ट्रॅक झालाच नाही. जुहूच्या भोवती इमारती उगवल्या, आणि माटुंग्याचा फियाटवाला आणि खारचा हेराल्डवाला यांची नोंद आता तीन म्हाताऱ्या डोक्यांमध्ये आहे, तीही एकमेकांशी न जुळणारी.

आपल्या पिढीच्या वाट्याला काय आलं? 2000 नंतरच्या दशकात पवईला हिरानंदानीत हाकोनेचं गो-कार्टिंग होतं. ऑफिसची टीम आउटिंग, बर्थडे पार्टी, पहिली डेट, तुम्हीही गेला असालच. मुंबईचा रेयोमंद बनाजी कार्टिंगमध्ये नॅशनल चॅम्पियन झाला. जेहान दारूवाला हा आपला मुंबईकर 2011 मध्ये कार्टिंगला लागला आणि 6 डिसेंबर 2020 ला बहरीनमध्ये फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्याच दिवशी त्याच रेसमध्ये मिक शूमाकर चॅम्पियन झाला, म्हणून सगळे कॅमेरे तिकडे. पण जेहानला बघायला आपण कुठे जायचं? टीव्हीसमोर. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली ती 2011, 12 आणि 13 अशी तीनच वर्षं. मी 2012 ला गेले होते. वेटेल माझ्यासमोरून अर्ध्या सेकंदात गेला. मावशींचा हेराल्डवाला रेस संपल्यावर त्यांच्या भावाशी गप्पा मारायचा.

आणि गंमत सांगू? त्याने एकदा दोघांना खारपर्यंत लिफ्टही दिली होती. मावशी जीव मुठीत धरून बसल्या. ‘‘पण अगं, तो वीस-पंचवीसच्या वर गेलाच नाही! बैलगाडी आडवी आली तर थांबून राहिला. माझा भाऊ म्हणाला, अहो जरा पळवा की. तर म्हणतो, रस्त्यावर काय पळवायचं? इथे पेंढ्याच्या गाठी नाहीत.’’

हे ऐकताना मला आमच्या बिल्डिंगमधला मुलगा आठवत होता. वय 19. दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मित्रांशी बाइकची रेस लावली. आता त्याच्या पायात रॉड आहे आणि मागे बसलेला मित्र नाही. पोलिस नाकाबंदी करतात, बाइक जप्त करतात, तरी शनिवारी रात्री खिडकीतून तो आवाज येतोच. कुठे जायचं त्यांनी? कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर? चेन्नईने तर ऑगस्ट 2024 च्या शेवटी भर शहरातले रस्ते बंद करून रात्रीची रेस घेतली, सरकारच्या परवानगीने आणि कठडे लावून. आमच्या हायवेवर सर्व्हिस रोडचा खड्डा आणि अंधार.

निघताना आजोबांनी कपाटातून एक फोटो काढला. ब्लॅक अँड व्हाइट, कोपरे झिजलेले. मागे पेन्सिलने ‘जुहू’ एवढंच. एक फियाट तिरकी झालेली, मागे धुरात हेराल्डचं नाक. आजोबा म्हणाले हीच ती शेवटची फेरी. चाचांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, ये तो दूसरी गाडी है. नंबर प्लेटवर ‘बीएम’ दिसतं, तिसरं अक्षर पेंढ्याच्या गाठीमागे. मी मोबाइलवर फोटो काढून झूम केला. तिघंही माझ्या खांद्यावरून वाकले. आजोबांना तिथे आर दिसतो, चाचांना वाय, आणि मावशी म्हणतात, आधी चष्मे पुसा.