हात पसरणाऱ्याचे बोलणे आणि कायदा

श्रावणी सोमवारी औंढा नागनाथला दर्शनाच्या वाटेवर बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या, सुगीत दारी येणारा वासुदेव, नंदीबैल घेऊन फिरणारा, मसणजोगी हे हिंगोलीकरांना अनोळखी नाहीत. ही माणसे कायद्याच्या लेखी एकाच शब्दात मोडतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. तो शब्द आहे भिकारी. या भीकबंदी कायद्याबद्दल आणि त्याला न्यायालयांत मिळालेल्या आव्हानांबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : भीकबंदी मुंबई-पुण्याच्या सिग्नलवरची, आपल्याकडे तिचे काय?

कायदा १९५९चा आहे आणि त्याच्या नावात ‘मुंबई’ आली ती तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्यावरून. मराठवाडा १९५६मध्ये त्या राज्यात आला. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीचा भाग होता. पुढे हा कायदा महाराष्ट्राचा झाला.

त्यातली व्याख्या नीट वाचावी अशी आहे. सार्वजनिक जागी भीक मागणे किंवा घेणे, मग ते गाणे म्हणून असो, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा काही विकायला पुढे करून असो, सगळे त्यात येते. जखम किंवा व्यंग दाखवणे येते. एवढ्यावर ती थांबत नाही. पोटापाण्याचे दिसेल असे साधन नसलेला, सार्वजनिक जागी भटकणारा आणि भिकेवर जगत असावा असा भासणारा माणूसही येतो. म्हणजे तोंडातून अवाक्षर न काढताही माणूस यात अडकू शकतो. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबता येते आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत १० वर्षांपर्यंत जाते.

गावोगाव फिरून मागणे हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, त्या भटक्या जमाती या व्याख्येत थेट सापडतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या जमावाने कायदा वाचलेला नव्हता. पण मागत फिरणाऱ्याकडे आधी संशयाने पाहायचे, ही दृष्टी कायद्यातही आहे आणि समाजातही. ती मला अन्यायाची वाटते.

गैरसमज : भीक मागण्यात कसले आले भाषणस्वातंत्र्य?

हा सर्वांत पक्का गैरसमज. भाषणस्वातंत्र्य म्हणजे पुढाऱ्याचे भाषण, वर्तमानपत्राचा अग्रलेख, असे आपण धरून चालतो. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ)मधला हा हक्क मात्र सर्व नागरिकांना आहे. १९९५मध्ये टाटा प्रेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही या अनुच्छेदाचे संरक्षण दिले. साबण विकत घ्या असे सांगणे हे भाषण असेल, तर दोन दिवस उपाशी आहे, काहीतरी द्या, असे सांगणे भाषण का नाही?

हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयाने राम लखन प्रकरणात २००६मध्ये विचारात घेतला. उपाशी माणसाला, ज्याच्याकडे आहे त्याला आपली भूक कळवण्याचा आणि अन्न मागण्याचा हक्क नाही काय, असा त्या निकालाचा रोख होता. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालय पुढे गेले. ऑक्टोबर २०१९मध्ये सुहैल रशीद भट प्रकरणात त्याने तिथला १९६०चा भीकबंदी कायदाच रद्द केला आणि शांतपणे मदत मागणे हे अभिव्यक्तीतच मोडते, असे मानले.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहराने जुन्या बाजारपेठेच्या भागात तोंडाने लगेच पैसे मागण्यास बंदी केली होती. पाटी धरून बसायला मात्र मुभा होती. काय बोलले यावरून गुन्हा ठरवणारा हा नियम २०१५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने रद्द केला.

यावर लोक म्हणतात, पण जनतेची गैरसोय होते त्याचे काय? याचे उत्तर पुण्याच्या ‘सकाळ’ने १९६१मध्येच मिळवून दिले आहे. वर्तमानपत्राची पाने आणि किंमत यांवर सरकारने घातलेल्या बंधनाविरुद्ध ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. धंद्याच्या स्वातंत्र्यावर सर्वसाधारण जनहितासाठी बंधन घालता येते. भाषणस्वातंत्र्यावर ते फक्त १९(२)मध्ये लिहिलेल्या कारणांसाठीच घालता येते, असे न्यायालयाने ठरवले. सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे कारणे त्यात आहेत. शहर देखणे दिसावे, हे कारण त्यात नाही. गाडीसमोर आडवे होणे, अंगाला हात लावणे, धमकावणे हे अर्थात रोखता येते; ते भाषणच नव्हे.

गैरसमज : दिल्लीच्या निकालाने कायदा संपला.

८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने याच कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली. मुख्य आधार समानता आणि जगण्याचा हक्क, म्हणजे अनुच्छेद १४ आणि २१, हा होता. पण दिल्लीला लागू केलेल्या रूपातच ती रद्द झाली. महाराष्ट्रात कायदा उभा आहे. एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भिक्षेकरी गृहात ठेवलेल्यांच्या कामाचा मेहनताना महिना ५ रुपयांवरून रोज ४० रुपये करण्याचे ठरवले, ते याच कायद्यात दुरुस्ती करून. हिंगोलीतून या कायद्याला आव्हान द्यायचे तर दार मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे. दिल्ली आणि जम्मू-काश्मीरचे निकाल तिथे बंधनकारक नाहीत. दाखल्यादाखल मांडता मात्र येतात.

गैरसमज : बंदी उठली की मुलांना भिकेला लावणाऱ्या टोळ्या मोकाट सुटतील.

नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७६खाली मुलाला भिकेला लावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. भिकेसाठी मूल पळवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९खाली किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यावरचे कलम दिल्लीनेही शाबूत ठेवले.

गैरसमज : पोलिसांनी आदेश काढला म्हणजे कायमची बंदी.

मार्च २०२३मध्ये जी-२०च्या पाहुण्यांच्या तोंडावर नागपुरात चौकांत भीक मागण्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४खाली बंदी आली. इंदूरमध्ये जानेवारी २०२५पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्यापर्यंत मजल गेली. असा आदेश (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३) एरवी दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. सरकारला तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. हे कलम रास्त गाऱ्हाणे दडपण्यासाठी वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात बजावले आहे. २०२१मध्ये त्याच न्यायालयाने रस्त्यावरून भिकारी हटवण्याची मागणी मान्य करायला नकार दिला. लोक गरिबीमुळे भीक मागतात, असे न्यायालय म्हणाले.

गाणे, नाच, भविष्यकथन आणि नुसते गरीब दिसणे गुन्ह्यात धरणारी व्याख्या विधानसभा एका दुरुस्तीने काढू शकते. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत असे जिल्ह्याचे तीन आमदार आहेत. वाचकांनी आपापल्या आमदाराकडे ही दुरुस्ती लेखी मागावी.