शिकागो ते सांता मोनिका

रस्ता गांवें जोडतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण तो बाजूस सरला म्हणजे त्याच गांवांचें काय होतें, हें पाहावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेंतील ‘राजमार्ग ६६’चा इतिहास जाणून घ्यावा, अशी आमची शिफारस आहे.

हा मार्ग १९२६ सालीं मुक्रर झाला. टल्सा येथील सायरस एव्हरी यांचा त्यांत मोठा वाटा होता. शिकागोहून लॉस एंजलिसला व पुढें समुद्राकाठच्या सांता मोनिकापर्यंत सुमारें २,४०० मैल तो जाई. वाटेंत आठ संस्थानें. पैकीं कॅन्ससमध्यें अवघे १३ मैल! लहानसहान गांवांच्या मुख्य पेठांतूनच तो नेलेला होता.

१९३० नंतर अवर्षणानें व धुळीच्या वादळांनीं शेती बुडाली, तेव्हां हजारों कुटुंबें मोडक्या मोटारींत भांडींकुंडीं भरून याच वाटेनें पश्चिमेकडे गेलीं. पेट्रोलपंप, खाणावळी व उतारूगृहें यांच्यावर गांवेंच्या गांवें जगूं लागलीं.

१९५६ च्या कायद्यानें वेगवान महामार्ग आले. ते गांवें टाळून गेले. ॲरिझोनांतील सेलिग्मन गांवास १९७८ सालीं नव्या मार्गानें वगळलें आणि तेथील धंदा बसला. १९८५ सालीं ‘६६’ हा क्रमांकच रद्द झाला. परंतु सेलिग्मनकरांनीं हात टेकले नाहींत. १९८७ सालीं संघ स्थापून त्यांनीं आपल्या भागास ‘ऐतिहासिक मार्ग’ अशी मान्यता मिळविली. आज देशोदेशींचे प्रवासी वाट वांकडी करून तेथें जातात.

वेग हवाच; पण नवा रस्ता आंखतांना जुन्या वाटेवरील पोटांचाही हिशेब मांडला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.