सामर्थ्य की सुवाह्यता : चिंचपोकळी परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात लॅपटॉप-निवडीचा विचार

प्रस्तावना

बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश निश्चित झाला की मध्य मुंबईतील जुन्या कामगार वस्तीत, घरोघरी एक प्रश्न उपस्थित होतो. मुलाला वा मुलीला कोणता लॅपटॉप घ्यावा? बाजारात या प्रश्नाची दोन ठळक उत्तरे मांडलेली असतात. एक उत्तर म्हणजे ‘गेमिंग’ या नावाने विकला जाणारा, स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला, जाड व शक्तिशाली लॅपटॉप. दुसरे म्हणजे सडपातळ, हलका आणि दिवसभर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप. खरेदी बहुधा हप्त्यांवर होते आणि एकदा घेतलेले यंत्र पदवी मिळेपर्यंत बदलण्याची सोय अनेक कुटुंबांना नसते. त्यामुळे या निवडीला केवळ आवडीनिवडीचा विषय मानता येत नाही. चिंचपोकळीसारख्या विशिष्ट परिसरातील घर, प्रवास आणि अभ्यास यांच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘गेमिंग’ या शब्दानेच अनेक पालकांचे मन या यंत्राविषयी कलुषित होते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. वस्तुतः संगणकीय खेळांतील दृश्ये रेखाटणारी चिप आणि त्रिमितीय आरेखन, ॲनिमेशन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणारी चिप ही एकच असते. खेळ हे तिचे बाजारातील नाव होय. तिचे कार्य त्याहून व्यापक आहे.

वजनामागील कारण

सुवाह्य संगणकाचा इतिहास हा वजन घटत जाण्याचा इतिहास आहे. १९८१ साली आलेला ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक सुमारे ११ किलोंचा होता. २००७ मधील ‘असुस ई-पीसी’ एक किलोहून कमी वजनाचा होता, तर २००८ साली ॲपलने १.३६ किलोंचा ‘मॅकबुक एअर’ बाजारात आणला. असे असताना आजही शक्तिशाली लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचा का असतो, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर उष्णतेत आहे.

चिपला पुरवलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. हलक्या लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारणतः १५ ते ३० वॅटच्या मर्यादेत काम करतो. एवढी उष्णता एका लहान पंख्याने बाहेर टाकता येते. २०२० पासूनच्या ‘मॅकबुक एअर’मध्ये तर पंखाच नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकत्र काम करू लागल्या की दीडशे ते दोनशे वॅटपर्यंत वीज खर्च होऊ शकते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी तांब्याच्या नळ्या, पातळ पत्र्यांच्या जाळ्या, दोन पंखे आणि हवा खेळण्यासाठी जागा लागते. म्हणजेच हे अतिरिक्त वजन ही सामर्थ्याचीच किंमत आहे.

यातूनच ग्राहकाच्या सहसा लक्षात न येणारी एक बाब निष्पन्न होते. एकाच नावाची ग्राफिक्स चिप सर्व लॅपटॉपमध्ये सारखी चालत नाही. ‘जीफोर्स आरटीएक्स ४०६०’ या लॅपटॉप-चिपचे उदाहरण घेता येईल. एनव्हिडिया कंपनीने तिच्यासाठी ३५ ते ११५ वॅट अशी विस्तृत मर्यादा दिली होती आणि प्रत्यक्षात किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवायचे होते. सडपातळ यंत्रात तिला कमी वीज मिळते, जाड यंत्रात अधिक. खोक्यावरील नाव मात्र तेच राहते. त्यामुळे ‘हलकाही आणि शक्तिशालीही’ अशा जाहिरातीकडे सावधपणे पाहणे इष्ट. चिपच्या नावासोबत तिला मिळणारे वॅट विचारले नाहीत, तर अर्धीच माहिती हाती येते.

बॅटरीचा हिशेबही असाच आहे. विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीविना नेता येते; म्हणून उत्पादक सहसा ही मर्यादा ओलांडत नाहीत. समजा, गेमिंग लॅपटॉपची बॅटरी ९० वॅट-तासांची आहे आणि यंत्र १८० वॅट वापरत आहे. तर ती अर्ध्या तासात संपेल. शिवाय बॅटरीला एवढी वीज एकाच वेळी सुरक्षितपणे देताही येत नाही. परिणामी प्लग काढताच असे यंत्र आपला वेग आपणच कमी करते. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात, वाचनालयाच्या बिनप्लगच्या टेबलावर किंवा गाडीत तो केवळ एक जड, साधा लॅपटॉप असतो. त्याचे सामर्थ्य प्रत्यक्षात भिंतीतल्या सॉकेटशी बांधलेले आहे, ही गोष्ट निवडीच्या वेळी प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

खोलीचा संदर्भ

सॉकेटजवळ, म्हणजे घरात, या यंत्राचा उपयोग किती होतो, हे घर कसे आहे यावर अवलंबून आहे. चिंचपोकळी, करी रोड, लालबाग या भागांत आता उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी गिरणगावाच्या काळातील चाळी अद्याप पूर्णतः नाहीशा झालेल्या नाहीत. जवळच्या ना. म. जोशी मार्गावरील १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. स्वयंपाक, झोप, पाहुणे आणि अभ्यास हे सर्व तेवढ्यातच. अशा घरात टेबल, मॉनिटर आणि सीपीयूची पेटी कायमची मांडून ठेवणे अवघड. डेस्कटॉपला जागा नाही म्हणून शक्तिशाली लॅपटॉप घ्यावा, काम झाले की मिटून फळीवर ठेवावा, हा युक्तिवाद येथे खरोखरच वजनदार ठरतो. प्रशस्त घरात राहणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यात तो सहसा आढळत नाही.

परंतु हीच खोली त्या यंत्राच्या विरोधातही साक्ष देते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणारा गेमिंग लॅपटॉप उष्णतेच्या दृष्टीने खोलीत आणखी दोन माणसे येऊन बसल्यासारखा आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात, छताच्या पंख्याखाली, ही दोन माणसे जाणवल्याशिवाय राहत नाहीत. शिवाय लॅपटॉप आत ओढतो ती हवाच गरम असते. वातानुकूलित दुकानात २४ अंशांना दाखवलेला वेग ३४ अंशांच्या खोलीत टिकेलच असे नाही. चिपचे तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचू लागले की ती स्वतःला मंदावते. गादीवर ठेवून काम केल्यास तळाच्या झरोक्यांतील हवाच अडते आणि ही वेळ लवकर येते.

आवाजाचा मुद्दा तपशीलपत्रकात नसतो, पण एका खोलीच्या घरात तो निर्णायक ठरू शकतो. रात्री अकरा वाजता आजी झोपलेली आहे, धाकटे भावंड दहावीचे गणित सोडवत आहे आणि लॅपटॉपचे दोन पंखे पूर्ण गतीने घोंगावत आहेत, हे चित्र फार दिवस कोणी सहन करील असे वाटत नाही.

विजेच्या खर्चाचे भय मात्र काहीसे अतिरंजित आहे. २०० वॅटचे यंत्र रोज ४ तास पूर्ण क्षमतेने चालवल्यास महिन्याला २४ युनिट होतात. सरासरी १५ वॅट घेणारा हलका लॅपटॉप रोज ८ तास चालवल्यास ३.६ युनिट. फरक आहे, तथापि केवळ त्यावरून निर्णय घ्यावा इतका तो मोठा नाही. वापर टप्प्याच्या काठावर असणाऱ्या घरात बेस्टच्या बिलाचा वरचा टप्पा लागू शकतो, इतकेच.

प्रवासाचा संदर्भ

चिंचपोकळी स्थानकावर धीम्या गाड्याच थांबतात. सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद करीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. व्हीजेटीआयला जाणारा उलट दिशेने परळ, दादर ओलांडून माटुंगा गाठतो. (१८८७ मध्ये स्थापन झालेली व्हीजेटीआय १९२३ मध्ये माटुंग्यास जाण्यापूर्वी भायखळ्यातच होती, तेव्हाच्या चिंचपोकळीकराला हा प्रवास करावा लागत नसे.) अंतर थोडे असले तरी गर्दी थोडी नसते. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतात, हा रेल्वे-नियोजनातील सर्वपरिचित आकडा आहे. बॅग पाठीवरून काढून छातीशी धरावी लागते. या स्थितीत एक किलोचा फरक वजनकाट्यावर दिसतो त्याहून पुष्कळ मोठा असतो.

वजनाचा हिशेब केवळ लॅपटॉपचा करून चालत नाही. शक्तिशाली यंत्राचा अडॅप्टर म्हणजे स्वतंत्र विटेसारखा ठोकळा. त्याचे वजन अर्धा किलो ते पाऊण किलोपर्यंत असते आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याच्याविना यंत्राला पूर्ण शक्ती मिळत नाही. म्हणजे २.४ किलोंचा लॅपटॉप वस्तुतः तीन किलोंचा होतो. १.३ किलोंचा हलका लॅपटॉप त्याच्या छोट्या चार्जरसह दीड-पावणेदोन किलोंत भागतो आणि बॅटरी दिवसभर पुरत असल्यास चार्जर घरीच ठेवता येतो. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर-धोरणाने शालेय विद्यार्थ्याच्या दप्तरासाठी त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा सुचवली आहे. ही मर्यादा महाविद्यालयास लागू नाही. पण मोजपट्टी म्हणून ती वापरल्यास ५० किलो वजनाच्या विद्यार्थिनीला ५ किलो मिळतात. त्यांतील तीन किलो एकट्या यंत्राने घेतले, तर डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि पुस्तके यांना दोनच किलो उरतात.

मात्र हलक्या यंत्राचा एक दोष येथे सांगावयास हवा. पातळ झाकणाच्या पडद्याला गर्दीतील दाब सोसत नाही. त्यासाठी कडक कप्प्याची बॅग घेणे क्रमप्राप्त आहे.

अभ्यासक्रम आणि खरेदीची वेळ

वाणिज्य, कला, विधी या शाखांना स्वतंत्र ग्राफिक्स चिपची गरज नाही, हे वेगळे सांगावयास नको. प्रोग्रॅमिंग आणि द्विमितीय आरेखन हलक्या यंत्रावर सुरळीत चालते. व्हिडिओ-संपादनाबाबत एक जुना समज बदलला पाहिजे. आजच्या हलक्या लॅपटॉपच्या चिपमध्येच चित्रफितीच्या संकेतनासाठी वेगळा भाग असतो. १९२० पासूनच्या परंपरेच्या चिंचपोकळीच्या चिंतामणीचा आगमन सोहळा फोनवर टिपून त्याची छोटी चित्रफीत तयार करणाऱ्या कार्यकर्त्याला गेमिंग लॅपटॉपवाचून अडत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक शिक्षण घेणाऱ्यास ‘गुगल कोलॅब’सारख्या सेवेवर मर्यादित काळापुरती ग्राफिक्स चिप विनामूल्य मिळू शकते. खरी गरज उरते ती त्रिमितीय ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, वास्तुरचनेची वास्तवदर्शी चित्रे आणि मोठे अभियांत्रिकी विश्लेषण यांची. येथे हलके यंत्र तासन्‌तास घेते आणि सादरीकरणाची मुदत चुकते. अशा विद्यार्थ्यास कोणी केवळ वजनाच्या नावाखाली हलका लॅपटॉप सुचवीत असेल, तर तो सल्ला चुकीचा होय. गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम आणि साठवण पुढे वाढवता येते, हाही त्याचा मोठा गुण. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा पटलावर कायमची जोडलेली असते. तेथे आरंभीच १६ जीबी न घेणे पुढे महाग पडते.

तथापि, ही गरज केव्हा निर्माण होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात गणित, मूलभूत विज्ञाने आणि प्रोग्रॅमिंगची ओळख यांवर भर असतो. जड सॉफ्टवेअर पुढील वर्षांत येते. एनव्हिडियाच्या लॅपटॉप-चिपच्या आरटीएक्स ३० मालिकेचे यंत्र २०२१ च्या आरंभी आले, ४० मालिकेचे २०२३ मध्ये, ५० मालिकेचे २०२५ मध्ये. म्हणजे सुमारे दोन वर्षांनी पिढी बदलते. पहिल्या वर्षी ‘पुढे लागेल’ म्हणून घेतलेली महागडी चिप ती खरोखर लागते तेव्हा एक पिढी जुनी झालेली असते. लॅपटॉपमध्ये ती बदलताही येत नाही. दरम्यान दोन वर्षे तिचे वजन गाडीतून वाहिलेले असते आणि सतत पूर्ण चार्ज ठेवून तापवलेली बॅटरी थकलेली असते. (चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बऱ्याच यंत्रांत असते, ती चालू करावी.)

त्यामुळे शाखा निश्चित नसलेल्या विद्यार्थ्याने प्रथम मध्यम किमतीचा हलका लॅपटॉप घ्यावा आणि उरलेली रक्कम राखून ठेवावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो. तिसऱ्या वर्षी त्रिमितीय काम अंगावर आले, तर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे भाग निवडून जोडलेला डेस्कटॉप त्याच खर्चात गेमिंग लॅपटॉपहून अधिक काम देतो आणि त्याची चिप नंतर बदलताही येते. अडचण जागेचीच आहे. परंतु तीही सर्वत्र कायमची नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ना. म. जोशी मार्गावरील चाळींचाही त्याच योजनेत समावेश आहे. ज्या घराचा ताबा दोन-तीन वर्षांत अपेक्षित आहे, तेथे भिंतीलगत एका टेबलाची जागा आजच हिशेबात धरता येईल. ज्या घराचा तसा संभव नाही, तेथे मिटून फळीवर ठेवता येणारे जड यंत्रच डेस्कटॉपची जागा घेईल, आणि मग ते रोज गाडीतून न नेता घरीच ठेवण्याची व्यवस्था, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या वेळा पाहून, करावी लागेल.